शुक्रवारची चौथी रेघ

कंपनी बंद पडली तेव्हा आम्हा दोघा मित्रांना सगळ्यात जास्त छळलं ते सकाळच्या अकरा वाजण्याने. बावीस वर्षं अकराला भोंगा वाजला की हातातलं टाकून चहाला जायचं, हे अंगात इतकं मुरलं होतं की घरी बसल्यावरही अकराला पाय आपोआप उठायचे. उठून जायचं कुठे? मी अंबरनाथ पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायचो आणि बायकोच्या पायात यायचो. तो तिकडे बदलापूर गावात आपल्या घराच्या ओट्यावर बसून चिंचेच्या झाडाकडे बघायचा.

तो फिटर, मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. त्याची नववीत शाळा सुटलेली, वडिलांची शेती भावांत वाटून उरलेला एक तुकडा. माझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट, आणि ते असल्याचा माज. हौशी रेडिओचं वेड त्याला मीच लावलं. परवान्याच्या परीक्षेसाठी मोर्स शिकताना मी दोनदा नापास झालो आणि तो पहिल्या फटक्यात पास झाला. कंपनीत पाइपवर हातोडी मारून आतला आवाज ऐकायची त्याला सवय. त्याचा कान तयारच होता. मी त्याला म्हणालो, लेका, तुझं नशीब. तो नुसता हसला.

कंपनी बंद झाल्यावर वर्षभरात, म्हणजे दोन हजार पाचच्या आसपास, त्याने बीकन बनवायचं डोक्यात घेतलं. बीकन म्हणजे एक छोटा ट्रान्समीटर. तो ठरलेल्या वेळी आपोआप तोच तोच संदेश पाठवत राहतो. लांब बसलेल्या माणसाने ऐकायचं आणि काय ऐकू आलं ते कळवायचं. सुटे भाग त्याने उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडून आणले. हा दुकानदार स्वतःही जुना हौशी रेडिओवाला होता, त्यामुळे भाव करताना ज्ञानही देत असे. सगळं यंत्र बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेलं, एका टोकाला स्कूटरची बॅटरी, दुसऱ्या टोकाला घराच्या कौलांवरून चिंचेपर्यंत ताणलेली तांब्याची तार.

डबा आधी त्याच्या परवान्याची अक्षरं मोर्समध्ये पाठवायचा. मग चार लांब रेघा. मोर्समध्ये छोट्या आवाजाला टिंब म्हणतात, लांब आवाजाला रेघ. गंमत त्या चार रेघांत होती. पहिली रेघ एका वॅटची, म्हणजे टॉर्चच्या बल्बाइतकीही ताकद नाही. दुसरी तिचा दहावा हिस्सा. तिसरी दुसरीचा दहावा हिस्सा. चौथी तिचाही दहावा हिस्सा, एका वॅटचा हजारावा भाग. ऐकणाऱ्याने फक्त सांगायचं, किती रेघा आल्या.

"सगळे जास्त पॉवरच्या मागं," तो म्हणायचा. "मना कमीत कमी किती लागतं ता बघायचाय."

ऐकणारा अर्थातच मी. वेळ रविवार सोडून रोज अकरा ते साडेअकरा, दुसरी कुठली असणार? त्याने वहीचं पान आखून माझ्या हातात दिलं. तारीख, वेळ, रेघा. आणि बजावून सांगितलं, "आयकला आणि कायच नाय आला, तर शून्य लिव. शून्य पन रिपोर्ट हाय. पन आयकलाच नाय, तर रकाना रिकामा ठेव. दोनीत फरक हाय."

मी म्हणालो, "मला शिकवतोस?"

नियम असा होता की यंत्र आपोआप चालत असलं तरी परवानेवाल्याने शेजारी हजर राहायचं. असे नियम पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अर्धा तास तो त्या डब्याशेजारी मांडी घालून बसायचा, गॅसवर दूध ठेवून बसावं तसा. करण्यासारखं काहीही नसायचं.

पहिल्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार मी मन लावून ऐकलं. माझा रिसीव्हर मी स्वतः जोडलेला, बॅटरीऐवजी घरच्या लाइटवर एलिमिनेटर लावून चालणारा. हेडफोन कानाला लावला की आधी नुसती खरखर. आसपासच्या कारखान्यांच्या मोटारी, वेल्डिंग, इमारतीतले मिक्सर, सगळ्यांचा मिळून तो आवाज. मग त्यातून त्याची अक्षरं बारीक शिट्टीसारखी वर यायची. पहिली रेघ स्वच्छ. दुसरी बरी. तिसरी श्वास धरून ऐकली तर मिळायची. चौथी नाही. चारही दिवस चौथी नाही. मी तीन, तीन, दोन, तीन असं लिहिलं. खरं सांगतो, ते चार दिवस मी फार सुखात होतो.

शुक्रवारी सकाळीच लाइट गेली. आमच्या भागात कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते आणि त्याच दिवशी दुरुस्तीसाठी लाइट घालवतात. सकाळी जाते ती संध्याकाळी येते. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलेलं की कोणी तक्रारही करत नसे. रिसीव्हर बंद, मी झोपून राहिलो. रकाना रिकामा.

शनिवारी मला नोकरी लागली. नोकरी म्हणायला जीभ रेटत नाही. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवायच्या कारखान्यात तयार पँटींची बटणं आणि चेन तपासायच्या, लोंबणारे दोरे कापायचे. नातेवाइकाच्या ओळखीने मिळाली होती. सकाळी नऊ ते दोन, शुक्रवारी आणि रविवारी बंद. ज्या हातांनी मी परदेशी कंपन्यांचे प्रेशर गेज उघडून बसवले होते, त्या हातात दोरे कापायची कात्री आली. बायकोला सांगितलं, कोणाला बोलू नकोस. त्याला तर मुळीच नाही. कंपनीच्या गेटवर शेवटच्या दिवशी मीच मोठ्या तोंडाने म्हणालो होतो की आपण कारागीर माणसं, कुठेही हमाली करायची नाही. त्याने ते मनावर घेतलं होतं. मी नव्हतं.

रविवारी सकाळी मी विहारात जायचो. तिथे सगळ्यांबरोबर हात जोडून पंचशील म्हणायचं, चौथं शील खोटं न बोलण्याचं, तेही खड्या आवाजात. आणि घरी येऊन रिपोर्टाचं पान समोर घ्यायचं, कारण दुपारी तो ते न्यायला यायचा. त्या पहिल्या रविवारी पानावर दोन रकाने रिकामे दिसत होते, शुक्रवार आणि शनिवार. शनिवारी मी पँटींचे दोरे कापत होतो हे सांगायचं नव्हतं, म्हणून तिथे तीन लिहिलं. आणि शुक्रवार? एकटा शुक्रवार रिकामा बरा दिसेना.

तिथे मी माझी हुशारी लावली. खोटं बोलायचं तर शास्त्राला धरून. शुक्रवारी कारखाने बंद, म्हणजे खरखर कमी, म्हणजे चौथी रेघ ऐकू यायला हरकत नाही. शिवाय तो चार दिवस बिचारा विचारत होता, "चौथी आयकली का रं?" मी शुक्रवारच्या रकान्यात चार लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही. ज्या कारणाने खरखर गेली असती त्याच कारणाने माझा रिसीव्हरही मेला होता, हे माझ्या आयटीआयच्या डोक्यात आलं नाही.

तो आला, पान बघितलं, आणि शुक्रवारच्या आकड्यावर बोट ठेवून उभाच राहिला.

"चार?"

"चार," मी म्हणालो. "अगदी पुसट. पण होती."

त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. बायकोने दिलेला चहा त्याने उभ्याउभ्या संपवला आणि कप कुठे ठेवायचा तेही त्याला सुचेना.

मग ते चालूच राहिलं. दर रविवारी एकाच बैठकीत, एकाच पेनाने मी सहा दिवस भरायचो. बाकीच्या दिवशी तीन, कधी दोन, मधूनच एखादं शून्य, कारण नुसती चांगली उत्तरं संशयास्पद दिसतात हे मला ठाऊक होतं. शुक्रवारी चार. एकदा त्याने मध्येच अकराला फोन केला, बॅटरी उतरली म्हणून. बायकोने सांगितलं की ते रेडिओवर बसलेत, हाक मारली तरी उठायचे नाहीत. संध्याकाळी ती मला म्हणाली, "त्यांच्याशी खोटं बोलताना मला कसंतरी झालं." मी तिच्यावर खेकसलो. स्वतःची लाज दुसऱ्यावर काढायची माझी जुनी खोड आहे.

दोन महिन्यांनी तो एक मोठा कागद घेऊन आला. मुलीच्या स्केचपेनांनी त्याने आलेख काढला होता. आठवडाभर निळी रेष तीनच्या आसपास सरपटते आणि दर शुक्रवारी टोक काढून चारवर जाते. खाली लाल अक्षरात लिहिलं होतं, 'कारखाने बंद असताना एक हजारांश वॅट बदलापूरहून अंबरनाथला पोचतो.' नववी शिकलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डब्यातून काढलेला हा शोध होता. उल्हासनगरला हौशी रेडिओवाल्यांची महिन्याची बैठक भरायची. तिथे तो हे मांडणार होता.

"तिथं सगळे इंजिनियर," तो म्हणाला. "मना विचारत पन नाय कोन. ह्या येळेला आयकतील."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आलेख टेबलावर पसरलेला, आम्ही दोघेच, पंखा फिरत होता. सांगितलं असतं तर तो चिडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, आणि पुढच्या आठवड्यापासून परत मोजणी सुरू झाली असती. मी म्हणालो, "अक्षर जरा मोठं काढ. मागच्यांना दिसत नाही."

बैठक रविवारी त्या सिंधी दुकानदाराच्याच पोटमाळ्यावर होती. पंधरा-वीस माणसं, खुर्च्या कमी म्हणून काही जण खोक्यांवर. मित्राने इस्त्रीचा शर्ट घातला होता. सुरुवातीला आवाज कापत होता, मग सावरला. शुक्रवारची गोष्ट आली तसे मागचे लोक पुढे झुकले. एक निवृत्त साहेब म्हणाले, "हे फारच छान निरीक्षण आहे." माझा मित्र कानापर्यंत लाल झाला.

तेवढ्यात दुकानदाराने हात वर केला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी आजही सांगेन. "भाऊ, एक डाउट आहे. शुक्रवारला तर अंबरनाथला लाइटच नसते ना? माझा माल तिकडे जातो, मला माहीत आहे. तो इनका रिसीव्हर किस पे चला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोही माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत आधी नुसता प्रश्न होता, मला चांगलं आठवतंय. मी नजर खाली वळवली. मग त्याच्या डोळ्यांतला प्रश्न गेला. त्याला सगळं कळलं. फार तर दोन सेकंद लागले असतील.

तो दुकानदाराकडे वळून म्हणाला, "बॅटरीवर. मीच दिलीय त्याला. शुक्रवारसाठी."

"हां, फिर ठीक है," दुकानदार म्हणाला. टाळ्या वाजल्या. मग खालून दाल पकवान आलं आणि सगळ्यांनी खाल्लं. मीही खाल्लं.

परतताना शेअर रिक्षात तो कागदाची गुंडाळी मांडीवर धरून बसला होता. जो माणूस कोणी बघत नसतानाही डब्याशेजारून उठत नव्हता, त्याला मी वीस माणसांसमोर खोटं बोलायला लावलं होतं. अंबरनाथला उतरताना मी म्हणालो, "अरे, ऐक ना." तो म्हणाला, "उद्या येतो."

सोमवारी मी कामावर गेलो नाही. बरोबर अकराला दार वाजलं. दारात तो, घामाने निथळलेला, आणि खांद्यावर पोतं. बदलापूरहून सायकलच्या कॅरिअरला बांधून त्याने बॅटरी आणली होती. आधीच त्याला धाप लागायची, वर तीन जिने. पोतं त्याने माझ्या टेबलाखाली सरकवलं आणि बराच वेळ दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"दिलीय म्हनालो ना तिथं," श्वास आल्यावर तो म्हणाला. "आता दिली. शुक्रवारी लाव."

त्या क्षणी मी त्याचे पाय धरले असते तरी कमी होतं. पण मला वाटलं, हा मला टोमणा मारतोय, बायकोसमोर माझी लाज काढतोय. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मला धडे द्यायला आलास? उचल ती आणि चालता हो."

त्याने ती उचलली नाही. नुसता चालता झाला. बायको चहा घेऊन बाहेर आली तोवर तो खालच्या जिन्यावर होता.

त्यानंतर तो आला नाही आणि मी गेलो नाही. पहिल्या शुक्रवारी लाइट गेली, इमारत गप्प झाली, आणि मी अकराला टेबलाशी बसलो. बॅटरी पायाला लागत होती. दोन वायरी जोडायच्या, बस. मी स्वतःला सांगितलं, तो कशाला आता पाठवतोय? इतकं झाल्यावर कोण पाठवेल? साडेअकरा वाजले आणि मी उठलो. दुसऱ्या शुक्रवारी टेबलाशी बसलोही नाही. पुढे बायकोने बॅटरीवर वर्तमानपत्र घालून लोणच्याची बरणी ठेवली.

तिसऱ्या वर्षी त्याच्या छातीने दगा दिला. निरोप जुन्या कंपनीतल्या माणसाकडून आला. मी गेलो, मागे उभा राहिलो, आणि कोणाशी न बोलता परत आलो. तेरावं झाल्यावर वहिनींचा फोन आला, "भावजी, एकदा येऊन जा. तुमचा सामान हाय."

चिंचेवरची तार तशीच होती, मध्ये थोडी झोळ पडलेली. वहिनींनी बिस्किटाचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि लांब वही. मी वही उघडली. सुरुवातीला माझे आकडे, त्याच्या अक्षरात उतरवलेले. पहिले चार सोडून सगळ्यांवर पट्टीने एकेक आडवी रेघ मारलेली. रेडिओच्या वहीत चुकलेलं खोडून काढायचं नसतं, खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची असते. तोही नियम त्याने पाळला होता.

पान उलटलं. पुढे सगळे शुक्रवार होते. फक्त शुक्रवार. तारीख, अकरा ते साडेअकरा, 'पाठवले', आणि शेवटचा रकाना, वर 'अंबरनाथ' लिहिलेला, रिकामा. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्याही. बैठकीनंतरच्या पहिल्या शुक्रवारपासून. मी मोजायला लागलो आणि साठाच्या पुढे मला मोजवेना. शेवटी शेवटी अक्षर वाकडं झालं होतं, पण वार चुकला नव्हता.

"दर शुक्रवारी बसायचे," वहिनी म्हणाल्या. "धाप लागायची तरी बसायचे. मी म्हनायचे, कोन आयकतंय आता? तर म्हनायचे, त्याच्याकडं बॅटरी हाय. आयकील."

आणि त्याचा अंदाज बरोबर होता, हे आता मला पक्कं वाटतं. कारखाने बंद, लाइट बंद, सगळी खरखर गेलेली, आणि बॅटरीवर चालणारा रिसीव्हर. चौथी रेघ आली असती. निदान एखाद्या शुक्रवारी आली असती. माझं खोटं खरं करायची संधी तो मला दर आठवड्याला देत होता, आणि मी लोणच्याच्या बरणीसमोर पाय पसरून बसलो होतो.

वहिनींनी कपाटावरून पेन काढून माझ्यापुढे धरलं. "तुमचा ह्या बाजूला लिवायचा राहिलाय ना? लिवून टाका आता. रिकामा बरा नाय दिसत."

पेन मी हातात घेतलं. त्या माउलीला तीन की चार काही कळणार नव्हतं. भरलेले रकाने बघून तिला बरं वाटलं असतं, की नवऱ्याचं बसणं फुकट गेलं नाही. निदान शून्य तरी लिहावं असं मनात आलं. पण शून्य म्हणजे ऐकलं आणि आलं नाही.

"वहिनी, मी ऐकलं नाही," मी म्हणालो. "एकदाही बसलो नाही."

माझ्या हातातली वही त्यांनी काढून घेतली, पदराने पुसली आणि कपाटावर परत ठेवली. डबा मात्र तुम्ही न्या म्हणाल्या. मी डबा घेऊन आलो.